वसुदेवाची परतीची वाट

गोकुळाष्टमीला घड्याळात बारा वाजले की पाळण्याची दोरी ओढली जाते आणि सुंठवडा हातावर पडतो. महाराष्ट्रात खरं तर तेव्हा मध्यरात्र व्हायची असते. या दिवसांत मुंबई-पुण्याकडे सूर्य सातच्या आसपास मावळतो आणि सव्वासहानंतर उगवतो. मधला क्षण येतो साडेबारा उलटल्यावर. रात्रीचे 15 मुहूर्त केले तर त्यातला आठवा तो निशीथ, जेमतेम पाऊण तासाचा. पंचांगात तो दिलेला असतो, पाहतं कोण! वद्य अष्टमीचा अर्धा चंद्रही मध्यरात्रीच्याच सुमारास उगवतो. भागवत मात्र प्रकटलेल्या कृष्णाला पूर्णचंद्राची उपमा देतं. अष्टमीला पौर्णिमा!

चित्रांत डोक्यावर टोपली असते, बाळाचा पाय बाहेर लोंबतो आणि त्याला शिवायला यमुना उसळते. भागवताच्या दशम स्कंधातल्या तिसऱ्या अध्यायात टोपली नाही, पायही नाही. पावसात शेषाची फणा आहे. शेकडो भोवऱ्यांची, फेसाळलेली नदी आहे, आणि समुद्राने रामाला दिली तशी ती वाट देते. तिथे तिची ओळख यमाची धाकटी बहीण अशी आहे. जन्मल्या जन्मल्या देवाची वाट मृत्यूच्या बहिणीतून जाते, हे मला पाऊल शिवण्यापेक्षा मोठं वाटतं.

कीर्तनात अर्थ ठरलेला असतो. कारागृह म्हणजे देह, पेंगलेले पहारेकरी म्हणजे इंद्रियं, पूर आलेली यमुना म्हणजे संसार. देव हाती आला, बेड्या गळल्या, बोला पुंडलिक वरदे!

परतीचं निरूपण क्वचितच होतं. वसुदेव बाळाला यशोदेजवळ ठेवतो, तिची मुलगी, म्हणजे साक्षात योगमाया, उचलून मथुरेला येतो. या खेपेला यमुनेनं काय केलं, याबद्दल भागवतात अक्षर नाही. मुलीला देवकीच्या शेजारी निजवून तो बेड्या आपल्या हातांनी पायांत अडकवतो.

माया हाती आली की बंध परततात, असा यावरचा नेहमीचा अर्थ. तो चपखल आहे, पण वसुदेवावर अन्याय करणारा. या बेड्या त्याला कुणी घातलेल्या नाहीत. लेकरू पलीकडे सुखरूप राहायचं तर इकडे सगळं जागच्या जागी दिसायला हवं होतं. मोकळ्या पायांचा वसुदेव पाहून कंसाला संशय यायला कितीसा वेळ लागला असता?