मेंदीचा माथा

आमच्या आणि शेजारच्या काकांच्या प्लॉटमध्ये भिंत नाही, मेंदी आहे. एप्रिल 2016मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायला लागलं, तेव्हा दोन्ही अंगणांतलं हिरवं म्हणावं ते सगळं वाळून गेलं होतं. मेंदी तेवढी तगली. तिला धुण्याचं पाणीसुद्धा मिळालं नाही, ते संडासला लागायचं. पुढं पाऊस बरा झाला आणि ती सुटली, तेव्हा तिला कोयता लावायचं दोघांच्याही जिवावर आलं.

आता ती पुरुषभर उंच झाली होती. मेंदी जुनी झाली की काट्यावर येते, फांद्यांची टोकं दाभणासारखी होतात. माझ्या स्कूटरचं सीट त्यांनीच फाडलं.

छाटणी होत नव्हती असं नाही. ते त्यांची बाजू छाटायचे, मी माझी. बाजूंना मालक असतात हो, माथ्याला कोण? माथा छाटायचा तर कात्री चार बोटं पलीकडं जाणारच. आणि आम्ही दोघंही शेतकऱ्याच्या घरचे. बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या चढून म्हातारे झालेले पाहिलेत. हातात सिकेटर आलं की अंगातला तलाठी जागा होतो.

शेवटी येळवसला, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाला, काकांनी शेतात जेवायला नेलं. भज्जी-भाकरी झाली, वर दोन तांबे आंबील झाली. बांधावर हात धुता धुता मी विषय काढला, "काका, मेंदी लई वाढलीय."

"मी तर तुमीच कधी म्हणताव, ते बघायलो," काका म्हणाले. "रविवारी छाटूत की."

रविवारी त्यांनी कोयता घेतला, मी सिकेटर. मधोमध बुलबुलाचं रिकामं घरटं निघालं. वाटीएवढं, आत आमच्याच दोरीवरच्या नायलॉनचे निळे धागे. काकूंनी ते उचलून खिडकीत ठेवलं. खालचा पालापाचोळा ओढला, तर ले-आउटच्या वेळचा हद्दीचा दगड दिसला. मेंदीच्या ओळीपासून चांगला वीतभर बाजूला. (कोणाच्या बाजूला, ते इथं लिहीत नाही. काका वाचतात.)

दोघांनीही पाहिला. काकांनी हातातल्या फांद्यांचा भारा त्याच्यावर टाकला आणि म्हणाले, "चहा घेऊत का?"