उलटा फिरणारा ब्लोअर
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं आजचं फॅन-व्हेंटिलेशन ट्रेनिंग. निम्मा वेळ उलट्या फेजवरच (मोटरच्या तीन वीजतारांचा क्रम उलटा लागणं, त्यानं मोटर उलटी फिरते) गेला, आणि तो जायलाच हवा. सेंट्रिफ्युगल ब्लोअर, म्हणजे फिरत्या पात्यांनी हवा बाहेरच्या बाजूला फेकणारा पंखा, उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून येते, फक्त फार कमी. म्हणून चूक लवकर सापडत नाही. मोटर क्षणभर चालू करून फिरण्याची दिशा केसिंगवरच्या (बाहेरच्या कवचावरच्या) बाणाशी जुळते का बघायचं. उलटं असेल तर सप्लाय बंद करून कुठल्याही दोन फेज बदलायच्या.

हवा कमी म्हणून लगेच वेग वाढवायला पुली (पट्ट्याचं चाक) बदलू नका. वेग 10 टक्के वाढला की पॉवर 33 टक्के जास्त लागते, मोटर ट्रिप होऊ शकते, म्हणजे जास्त लोडमुळे आपोआप बंद पडू शकते.

टॉवेल-चादरीच्या कारखान्यात आधी पाती बघा. सुताचे तंतू एकसारखे चिकटत नाहीत. बॅलन्स जातो, मग बेअरिंग. साफ करायची तर सगळी पाती, निम्मी नकोत.