जाते, पण येत नाही

ईमेल पाठवता येत नसेल तर संगणक लगेच बोभाटा करतो. पडद्यावर चौकट उघडते, सूचना झळकते आणि न गेलेले पत्र 'आउटबॉक्स'मध्ये ठाण मांडून बसलेले दिसत राहते. ईमेल येत नसेल तेव्हा मात्र पुष्कळदा काहीच घडत नाही. 'नवीन संदेश नाहीत' ही ओळ सारे काही सुरळीत असताना जशी दिसते, तशीच ती बिघाड असतानाही दिसू शकते. आणि ज्या कचेरीत मुळातच फारशी पत्रे येत नाहीत, तिथे ती ओळ आठवडाभर बिनतक्रार मान्य केली जाते.

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी शेतकरी उत्पादक कंपनीच्या कचेरीत अजूनही टेबलावरच्या संगणकावर थंडरबर्ड हा ईमेल उतरवून घेणारा प्रोग्राम चालतो. शहरातून आलेल्या पाहुण्यांना त्याची गंमत वाटते, कारण त्यांची सारी पत्रे मोबाइलमध्ये असतात. पण मृगात विजा कडाडू लागल्या की आम्हाला मोडेमची पिन काढून ठेवावी लागते, रस्त्याच्या कामात केबल तुटली की नेट कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि अशा वेळी बँकेचे पत्र किंवा जिनिंगचा हिशेब आपल्याच यंत्रात आधीच उतरलेला असणे किती सोयीचे असते, हे त्यांना सांगून पटत नाही. यंत्रातले हे टपाल अडले की तिथला कारकून मुलगा मला बोलावतो. त्याची तक्रार ठरलेली असते : "गुरुजी, मेल जाऊन रायली जी, पण येऊन नाही रायली."

या एका वाक्यात निम्मे निदान झालेले असते. पत्र पाठवण्याची पद्धत, म्हणजे एसएमटीपी, १९८२ साली ठरली. पत्र उतरवून घेण्याच्या पॉप आणि आयमॅप या पद्धती त्यानंतर आल्या आणि त्यांचा कारभार अगदी वेगळा राहिला. पाठवणाऱ्या सर्व्हरचे पोर्ट, म्हणजे त्याच्या दाराचा क्रमांक, सहसा ५८७ किंवा ४६५ असते, आणणाऱ्याचे पॉप असेल तर ९९५ आणि आयमॅप असेल तर ९९३. त्यामुळे पत्र जाते आहे यावरून नेट चालू आहे एवढेच कळते, येण्याच्या बाजूविषयी काही कळत नाही. मोटर घरघरते आहे आणि पाइपातून पाणी पडत नाही, अशा वेळी जाणता शेतकरी आधी विहिरीत डोकावतो. मोटर खोलायला बसत नाही. इथे विहिरीत डोकावणे म्हणजे ब्राउझर उघडून थेट सर्व्हरवरच्या टपालपेटीत जाणे. पत्रे तिथे दिसली तर अडचण तिथून आपल्या टेबलापर्यंतच्या वाटेत आहे. दिसली नाहीत तर थंडरबर्डला दोष देण्यात अर्थ नाही. हे पाहायला दोन मिनिटे पुरतात, पण उत्साही मंडळी त्याआधीच खाते काढून पुन्हा टाकायला निघतात. माझ्या मते हा उपाय सर्वांत शेवटचा, कारण पॉपने उतरवलेली जुनी पत्रे अनेकदा केवळ त्या एका संगणकातच उरलेली असतात आणि खाते काढताना नको तिथे टिचकी पडली तर तीही जातात.

पत्रे पेटीत आहेत आणि यंत्रात येत नाहीत, असे असेल तर मी आधी रांगेतले सर्वांत मोठे पत्र शोधतो. पॉपची आज चालणारी नियमावली १९९६ सालची आहे आणि तिच्यातला संवाद विलक्षण तुटक आहे. प्रोग्राम नाव सांगतो, पासवर्ड सांगतो, पत्रे किती आहेत ते विचारतो आणि एकेक मागून घेतो. सर्व्हर प्रत्येक वेळी अधिकचे चिन्ह लावून 'ओके' म्हणतो किंवा वजाचे चिन्ह लावून नकार देतो. शेवटी रीतसर निरोप घेतला जाईपर्यंत सर्व्हर एकही पत्र पुसत नाही. ही सावधगिरी चांगलीच, पण मध्येच नेट तुटले तर अर्धवट उतरलेले पत्र पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून मागावे लागते. कोणी तरी सातबारा आणि फेरफार यांचे मोबाइलवर काढलेले फोटो एकाच पत्राला जोडून पाठवतो. १८ एमबीची जोडणी प्रवासासाठी मजकुराच्या रूपात बदलली जाते तेव्हा तिचे वजन एक तृतीयांशाने वाढून २४ एमबीच्या घरात जाते. आमच्याकडच्या दुपारच्या नेटवर ते पत्र काही केल्या पूर्ण उतरत नाही, आणि त्याच्या मागची दोन ओळींची पत्रे मुकाट्याने खोळंबून राहतात. ब्राउझरमधून ते एक पत्र दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवले की बाकीची भराभर येतात.

दुसरे कारण मला याहून आवडते, कारण त्याचा टपालाशी काहीच संबंध वाटत नाही. कचेरी बंद करताना विजेच्या भीतीने मेन स्विच पाडण्याची आमच्याकडे पद्धत आहे. वीज नसताना संगणकातले घड्याळ मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ या रुपयाएवढ्या बॅटरीवर चालते, आणि रोज रात्रभर तिच्यावरच भार पडल्यामुळे ती लवकर संपते. मग सकाळी संगणक सुरू होतो तो थेट त्याच्या जन्माच्या सुमाराच्या एखाद्या १ जानेवारीला. सर्व्हर आपली ओळख पटवण्यासाठी जे प्रमाणपत्र दाखवतो, त्यावर वैधता कधी सुरू होते आणि कधी संपते याच्या तारखा असतात. संगणकाच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसते, म्हणून तो संबंध तोडतो. अशा वेळी जाणारी पत्रेही अडतात आणि ब्राउझरही कुरकुर करतो, त्यामुळे हा बिघाड ओळखू येतो. तरीही पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे कोणाचे लक्ष जात नाही. बॅटरी घड्याळजीकडे मिळते.

पासवर्डची कथा थोडक्यात सांगतो. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांत केवळ नाव आणि पासवर्ड देऊन शिरणाऱ्या प्रोग्रामांना मज्जाव केला. तेव्हापासून एक तर ब्राउझरच्या खिडकीतून संमती द्यावी लागते, नाही तर सोळा अक्षरांचा स्वतंत्र 'अ‍ॅप पासवर्ड' घ्यावा लागतो, आणि त्यासाठी दुहेरी पडताळणी चालू असावी लागते. तांत्रिकदृष्ट्या हे सोपे आहे. प्रत्यक्षात पडताळणीचा आकडा माजी सचिवांच्या मोबाइलवर जातो, आणि ते वावरात असतात, जिथे रेंज नसते.

पत्रे पेटीतही नसतील तेव्हा शोध वेगळ्या दिशेने वळतो. स्पॅम फोल्डर आणि कोणी तरी पूर्वी करून ठेवलेले फिल्टर हे आधी पाहावे. त्यानंतर हेच खाते आणखी कुठे जोडलेले आहे का, हे विचारावे. पॉपमध्ये 'प्रत सर्व्हरवर राहू द्या' ही खूण केलेली नसेल, तर जो संगणक आधी पोहोचतो तो पत्रे घेऊन मोकळा होतो. आमच्या कंपनीचे टपाल काही काळ हिशेबनिसांच्या यवतमाळच्या घरातल्या लॅपटॉपवर इमानेइतबारे उतरत होते, आणि ते वाचत नसल्यामुळे त्यांनाही पत्ता नव्हता.

पेटी काठोकाठ भरलेली असेल तर प्रकरण जास्त गंभीर असते, कारण मधल्या काळातली पत्रे आत आलेलीच नसतात. पाठवणाऱ्यांचे काही सर्व्हर चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, काही पहिल्याच नकाराला पत्र परत करतात. म्हणून जागा मोकळी केल्यावर कारकुनाने बियाणेवाल्यापासून बँकेपर्यंत सर्वांना फोन लावून पत्रे पुन्हा मागवायची असतात. गेल्या वेळी त्याने ते मन लावून केले. बहुतेकांनी सांगितले, "अरे बाबा, ते तर कधीच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं ना."