ती हिवाळ्याची पानं मी का दिली

गणपतीत मुंबईहून आलेले दीर विचारतात. मालवणच्या बाजारात बांगडे घेताना ओळखीची बाई विचारते. लग्नाच्या पंगतीत वाढता वाढता कुणीतरी थांबून विचारतंच, "बाकी सगळं ठीक, पण ती हिवाळ्याची पानं तू साहेबांना दिलीस कशाला?" पानं म्हणजे आमच्या पुळणीची, किनाऱ्यावरच्या वाळूची, मापं लिहिलेल्या वहीची, आणि साहेब म्हणजे धूप थांबवायच्या बंधाऱ्यासाठी पाहणीला आलेले अधिकारी. विचारणाऱ्या बऱ्याच जणांना उत्तर नको असतं, हे मला कळतं. तरी एकदा नीट लिहून ठेवते. तोंडी सांगायला गेले की माझा आवाज चढतो आणि मग कुणीच ऐकत नाही.

वाडीचं वर्णन करत बसत नाही. एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, तिच्या मुखापलीकडे भोगवे गाव, हे तुम्ही पाहिलंय. कुणाचे किती माड गेले, तेही तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. आम्ही मोजतो म्हणजे नेमकं काय करतो, ते मात्र विचारणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी उभं राहून पाहिलंय.

पोफळीच्या दोन सारख्या उंचीच्या काठ्या, त्यांवर सेंटीमीटरच्या खुणा रंगवलेल्या, दोघींमध्ये ठरावीक लांबीची दोरी. जुन्या विहिरीच्या कठड्यासारख्या पक्क्या खुणेपासून सुरुवात करायची. पुढची काठी समुद्राकडे. मागच्याने डोळा असा लावायचा की पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत येईल. ती रेषा मागच्या काठीला टोकापासून जितकं खाली कापते, तितके सेंटीमीटर तिथे वाळू उतरली. आकडा वहीत लिहायचा, काठ्या उचलायच्या, दोरीभर पुढे जायचं, पाण्यापर्यंत. खुणेपासून पाण्यापर्यंतच्या अशा एका ठरलेल्या वाटेला आम्ही रेषा म्हणतो. केनेथ एमरी नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ साली ही रीत लिहून ठेवली. तिला वीज लागत नाही, पदवी लागत नाही, क्षितिज मात्र लागतं. पावसाळ्यात तेच नसतं. मग छत्रीखाली वही पोटाशी धरून उघडीप होईपर्यंत थांबायचं.

वेळ उधाणाच्या ओहोटीची. ती काढायला आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, हे रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, वाढलेल्या पोराला येतंच. पौर्णिमा-अमावास्येला भरती साडेअकराच्या आसपास, म्हणजे ओहोटी पहाटे. उजाडलं की सूर्य पाठीशी असतो, समोर क्षितिज स्वच्छ दिसतं. आमच्यात एक शिक्षक आहेत, रापणीतले एक काका आहेत, कॉलेजची दोन मुलं आहेत आणि मी आहे. पैसे कुणालाच मिळत नाहीत. हेही विचारलं जातं, म्हणून सांगितलं.

विहिरींचा क्षारही आम्ही बघतो. वाळूच्या पट्टीत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून असतं. पट्टी अरुंद झाली की तो थर पातळ होतो.  त्यावर पुन्हा कधीतरी. भांडण विहिरींवरून झालेलं नाही.

भांडण जानेवारीवरून झालं. पावसाळ्यातल्या उंच, उभ्या लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात. ती सगळी नाहीशी होत नाही. बरीचशी थोड्या अंतरावर पाण्याखाली दांडा होऊन पडते, आणि दसऱ्यानंतर दर्या निवळला की हळूहळू परत वर चढते. ऑगस्टमध्ये जिथे कमरेइतका कडा असतो, तिथे जानेवारीत पर्यटकांच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. तुम्हाला हे माहीत आहे. मलाही होतं. पण एका जानेवारीची रेषा आधीच्या जानेवारीच्या रेषेवर ठेवून आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. वही भरत गेली तसं ते दिसायला लागलं. उत्तरेकडच्या दोन रेषा दर वर्षी जवळपास तिथेच परत येत होत्या. मुखाकडच्या तीन येत नव्हत्या. वाळू भरायची, पण दर जानेवारीला आधीच्या जानेवारीपेक्षा कमी.

आता ती सभा.

अधिकारी पाहणीला आले ते जानेवारीतच. कोणत्या खात्याचे ते लिहीत नाही. आदल्या रात्री आबा, म्हणजे माझे चुलतसासरे, घरी आले. ते ओटीवर बसले, पाणी घेतलं आणि म्हणाले, "पावसाळ्याचीच पाना ने. बाकीची घरात रवांदेत." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मोठ्या माणसापुढे आमच्याकडे सुना असंच करतात. आबांनी ते हो धरलं.

सकाळी सगळे पुळणीवर गेले. ऊन पडलेलं, पाणी निळं, पुळण रुंद. साहेबांनी दोन्ही बाजूंना मान फिरवली आणि विचारलं, "धूप कुठे आहे?" पोरांनी जुलैचे व्हिडिओ काढून दाखवले. साहेब म्हणाले, पावसाळ्यात सगळीकडेच असं असतं. मग शाळेत बसलो. त्यांनी विचारलं, काही लिखित नोंद आहे का? सगळी शाळा माझ्याकडे बघायला लागली.

माझ्या पिशवीत वहीच्या पानांची अख्खी फाईल होती. पावसाळ्याची पानं वेगळी काढायला मी रात्री बसले होते, हेही सांगून टाकते. काढून झाल्यावर जो गठ्ठा हातात राहिला, तो वाचला. त्यात दर्या नुसता खात होता, कधी काही परत देत नव्हता. असा समुद्र मी कधी पाहिलेला नाही. पानं परत जागच्या जागी लावली आणि झोपले.

फाईल दिली. साहेबांनी ती चाळली, एका पानावर थांबले आणि मोठ्याने वाचलं, की डिसेंबर-जानेवारीत वाळू भरून आलेली आहे. "म्हणजे हे हंगामी आहे. तुमचीच नोंद सांगतेय." मी उठले. म्हटलं, साहेब, मुखाकडच्या तीन रेषांचे फक्त जानेवारीचे आकडे एकाखाली एक बघा, ते उतरतायत. त्यांनी पान उलटलं नाही. म्हणाले, "मॅडम, तुमची तळमळ कळते, पण ही काही शास्त्रीय नोंद नव्हे." दोन मिनिटांपूर्वी वाळू भरल्याचा दाखला म्हणून त्यांनी हीच वही वाचली होती. मी ते बोलूनही दाखवलं. माझा आवाज चढला होता आणि मागच्या बाकांवर कुजबूज सुरू झाली होती, ती साहेबांविरुद्ध नव्हती. आबा उठून बाहेर गेले.

बंधाऱ्याचं नाव त्या वर्षीच्या यादीत खाली गेलं. पुढच्या पावसात, श्रावणातल्या अमावास्येच्या उधाणाला, वाडीतल्या एका काकींचा मांगर, सामान ठेवायचं खोपट, गेला. आधी मागची भिंत, मग वासे, दुसऱ्या भरतीला चूल. त्यात त्यांची जाळी होती, नारळ होते, सासूच्या वेळचं जातं होतं. जातं दोन दिवसांनी ओहोटीत उघडं पडलं, ते पोरांनी उचलून आणलं. मी गेले तेव्हा काकी कड्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. मला बघून एवढंच म्हणाल्या, "तुझ्या आकड्यांत माझो मांगर खय बसता गो?"

मला उत्तर देता आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी आणि शिक्षक काठ्या घेऊन तिथे गेलो आणि कडा मोजला. नाही मोजला तर वहीत तिथे काहीच घडलेलं नसेल, असं मला वाटलं. लोकांना ते सुतकात माप घेतल्यासारखं वाटलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. समजा, मी फक्त पावसाळ्याची पानं दिली असती. साहेब उभे होते ते जानेवारीच्या रुंद पुळणीवर. डोळ्यांसमोर भरलेली वाळू आणि हातात नुसती खचलेली वाळू लिहिलेली वही. त्यांनी वहीला खोटी म्हटलं असतं आणि त्यांचं बरोबर ठरलं असतं. दर्या पावसाळ्यात खातो हे कुणालाच सिद्ध करावं लागत नाही. सिद्ध करायचं आहे ते हे, की तो खाल्लेलं पूर्ण परत देत नाही, आणि ते फक्त हिवाळ्याच्या पानांत आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातली उपग्रहांची चित्रं तपासली आणि देशाच्या मुख्य भूमीचा ३३.६ टक्के किनारा धुपतोय, २६.९ टक्के वाढतोय, असं मांडलं. त्यांनी फक्त जुलैची चित्रं घेतली असती तर अख्खा देश बुडताना दिसला असता, आणि त्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. गावाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा लपवायला तुम्ही मला सांगत होता. मी गावाविरुद्ध गेले असं तुम्ही म्हणता, ते मला मान्य नाही. आजही मान्य नाही.

पण एवढं म्हणून मी गप्प बसू शकत नाही. पुरावा भक्कम असून काय झालं? वाचणाऱ्याने हवी ती ओळ वाचली. आबांना कागदातलं कमी कळत असेल, माणसं जास्त कळतात. साहेब कोणतं पान उघडणार, हे त्यांनी आदल्या रात्रीच ओळखलं होतं.

शिवाय बंधाऱ्याचंही माझं एक मत राहिलेलं नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळ लांबून गेलं तरी त्याच्या लाटांनी पाणी आत घुसलं, तेव्हा दगडी बंधाऱ्याचा अर्ज मीच लिहिला होता. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर पुन्हा लिहिला. ती मी आजच्या मला विचारते, वह्या काय भरत बसलीस? आणि आजची मी तिला सांगते, की दगडाच्या भिंतीवर आपटून लाट मागे फिरते तेव्हा पायथ्याची वाळू घेऊन जाते, आणि भिंत जिथे संपते तिथे शेजाऱ्याची जमीन आधीपेक्षा जोरात तुटते. पुळण गेली तर रापण ओढायची कुठे? आणि आमच्याकडे खाडीही आहे. मुखातला वाळूचा पट्टा सरकला, प्रवाह आमच्या काठाला लागला, की ओहोटीचं पाणी आतल्या बाजूने कापतं. दर्याकडच्या भिंतीने ते थांबत नाही. नदीच्या पात्रातून उपसलेली वाळू पुळणीपर्यंत येत नाही, हेही आहेच. ते आम्हाला काठ्यांनी मोजता येत नाही.

हे सगळं मी दुसऱ्या रांगेतल्या माडांमागे असलेल्या माझ्या घरात बसून लिहितेय. काकींसमोर उभी राहून यातलं एक वाक्य मला बोलता येणार नाही. त्यांना बंधारा हवाय, आणि त्यांच्या जागी मलाही तोच हवा असता.

प्रस्ताव यंदा पुन्हा गेला. जानेवारीच्या आकड्यांचा एक वेगळा तक्ता करून तो अर्जाच्या वरच लावावा आणि पाहणी मे आणि ऑगस्ट अशी दोनदा व्हावी, असं मी ग्रामसभेत सुचवलं. बरेच जण तयार झाले. आबांनी सही केली नाही. मी कागद घेऊन त्यांच्या ओटीवर गेले तेव्हा त्यांनी तक्ता शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "आणि ह्या खेपेकय तेंनी दुसराच पान उघडलानी तर?" अर्ज त्यांच्या सहीशिवाय गेलाय.