मुदतखरेदी

बेळगावात एका वकिलांकडे मी जुन्या दस्तांचा शोध घेण्याचं काम करतो. मोडी येते म्हणून शहापुरातली कामं हमखास माझ्याकडे येतात. बेळगाव इंग्रजांचं असताना शहापूर सांगली संस्थानात होतं, थेट १९४८ पर्यंत. त्यामुळे एकाच वाड्याच्या कागदांवर आधी संस्थान, मग मुंबई राज्य, १९५६ नंतर म्हैसूर आणि १९७३ पासून कर्नाटक. लिपीही मोडीतून बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, नि तिथून कन्नडात जाते.

त्या दिवशीचा वाडा असाच. पाडून अपार्टमेंट व्हायचं होतं. बांधला सूतवाल्यानं, गेला सावकाराकडे, सावकाराच्या नातवानं आजच्या मालकाला विकला. सीटीएस म्हणजे सिटी सर्व्हेचा उतारा, ईसी म्हणजे मिळकतीवरच्या नोंदलेल्या व्यवहारांचा दाखला, सगळं जुळत होतं. पहिल्या व्यवहाराच्या बालबोध नकलेत ‘खरेदी’ असा स्वच्छ शब्द होता.

जागा बघायला गेलो, तर मागच्या सोप्यात सूतवाल्याची नात भाड्यानं राहत होती. वय ऐंशीच्या पुढं. जमिनीतला हातमागाचा खड्डा सिमेंटनं बुजवलेला, पण कडा अजून पायाला लागत होत्या.

"आमच्या आज्जानं वाडा इकला न्हाई बघा," असं म्हणत आजींनी ट्रंकेतून लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला मूळ कागद काढला.

मोडीत आधी आडवी रेघ ओढतात, मग अक्षरं तिला लटकतात. एक शब्द कुठं संपला ते चटकन कळत नाही. दारातल्या उजेडात धरून दोनदा वाचलं. ‘खरेदी’च्या आधी ‘मुदत’ होतं. खाली शर्तही होती : ठरल्या मुदतीत रुपये फेडले की वाडा परत. म्हणजे कायम खुश खरेदी नव्हेच, गहाणच ते. नकलेत तेवढी तीन अक्षरं गळली होती. मला फार राग आला.

"न्हाई न्हवं इकला?"

"नाही, आजी. गहाण टाकला होता." गहाण सोडवायला कायद्यात तीस वर्षं मिळतात आणि ती कधीच उलटून गेलीत, हेही सांगून टाकलं. खोटी आशा लावायची नव्हती.

"ते ऱ्हाऊ दे. आमच्या आईला लोकं म्हणायची, तुझ्या बानं घर फुकलं."

रिपोर्टात मी ‘मुदतखरेदी’ असंच लिहिलं. मुदत गेल्यावर त्या शब्दाला काय अर्थ, असं वकील म्हणाले. मी तो काढला नाही. रात्री बसून मूळ कागद बालबोधीत उतरवला. दुसऱ्या दिवशी आजींनी तो दोनदा वाचून घेतला, आणि ‘मुदत’ नेमकं कुठं लिहिलंय ते माझं बोट धरून दाखवायला लावलं.