कास्टिंग परदेशी जातं, काळी वाळू इथेच राहते

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीतलं कास्टिंग (वितळलेलं लोखंड साच्यात ओतून केलेला माल) देशातल्या ट्रॅक्टर-ट्रकला लागतं, तसं परदेशातल्या गाड्यांनाही. ऑईल इंजिनांच्या जोरावर वाढलेलं कोल्हापूरचं ओतकाम जगाच्या बाजारात उभं राहिलं, याचा अभिमान आहेच. पण कंटेनरमधून जातो तो फक्त तयार माल. वीज बनवतानाचा धूर, स्लॅग (रसावरची मळी) आणि साच्यांची काळी वाळू आपल्याच वाट्याला येते.

विजेवरच्या इंडक्शन भट्टीत एक टन लोखंडाचा रस करायला व्यवहारात 550 ते 650 युनिट लागतात. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची, युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे 600 युनिटांना 420 किलो. इथवरचा हिशेब अर्धाच आहे. रनर-रायझर, म्हणजे साच्यात रस नेणाऱ्या वाटांत आणि मालाला रस पुरवणाऱ्या कप्प्यांत गोठलेलं लोखंड, तोडून परत भट्टीत जातं. यील्ड, म्हणजे रसातून हाती येणारा माल, 60 टक्के धरलं, तर एक टन मालाला सुमारे 1,670 किलो रस, 1,000 युनिट आणि 700 किलो कार्बन डायऑक्साइड. रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नापास झालेला माल, वेगळंच. म्हणून युनिट वितळवलेल्या टनावर नाही, पास झालेल्या टनावर मोजा. युरोपियन युनियनने लोखंड-पोलादाच्या ठरावीक मालासाठी 1 ऑक्टोबर 2023 पासून कार्बनचा तपशील मागायला सुरुवात केली आणि 1 जानेवारी 2026 पासून त्याला पैशांची जबाबदारी जोडली. आपला माल आज त्या यादीत नसला, तरी पास झालेल्या टनामागच्या युनिटांचं रजिस्टर आजच सुरू करावं.

छतावर सोलर बसवलं की काम झालं, असं नाही. 100 किलोवॅटचं सोलर दिवसाला साधारण 400 युनिट देतं, त्यात एक टनही रस होत नाही. जरूर बसवा, पण आधी भट्टीजवळ उभं राहून वीज कुठे गळते ते बघा.

पहिली गळती म्हणजे रनर-रायझरला चिकटलेली वाळू. 1,500 अंशांपर्यंत तापायला वाळूला तेवढ्याच वजनाच्या लोखंडापेक्षा जास्त उष्णता लागते, आणि हाती येतो फक्त स्लॅग. तो लायनिंगला (भट्टीच्या आतल्या अस्तराला) चिकटतो, भट्टीत माल कमी मावतो, हीट (एका वेळचं वितळवणं) लांबते. हा रिटर्न माल शॉट ब्लास्ट करून, म्हणजे पोलादी छर्‍यांच्या माऱ्याने वाळू झाडूनच टाका. दुसरी गळती उघडं झाकण. एक टनाच्या भट्टीच्या तोंडातून 30 ते 50 किलोवॅट उष्णता नुसती निघून जाते. साच्याची लाईन तयार नाही म्हणून रस अर्धा तास धरून ठेवला, की 15-25 युनिट गेलीच. तिसरी थंड लॅडल, म्हणजे रस साच्यापर्यंत नेणारं भांडं. ती तापवलेली नसली की ऑपरेटर रस 50 अंश जास्त तापवतो. त्याचा दोष नाही, माल थंड ओतला तर रिजेक्शन त्याच्याच नावावर पडतं. लॅडल बर्नरवर लाल करून घ्या, टॅपिंगआधी, म्हणजे रस भट्टीतून काढण्याआधी, पायरोमीटर बुडवून तापमान बघा. स्क्रॅपचे लांब तुकडे मात्र आधीच कापा. वर माल अडकला आणि खाली रस तापत राहिला, तर लायनिंग फुटतं. तिथे प्रश्न विजेचा राहत नाही, माणसांच्या जिवाचा होतो.

वाळूकडे आपण सर्वांत कमी बघतो. बेंटोनाइट (चिकट माती) आणि कोळशाची भुकटी असलेली साच्याची वाळू थंड करून, चाळून, ओलावा तपासून पुन्हा वापरता येते. फिनॉलिक रेझिनने बांधलेली कोअरची (मालातली पोकळी घडवणाऱ्या आतल्या साच्याची) वाळू तिच्यात मिसळली की दोन्ही बिघडतात. अशी वाळू ओढ्याकाठच्या खड्ड्यात टाकली, तर पावसात फिनॉल पाझरून विहिरीपर्यंत जाऊ शकतं. शेकआउटलाच, म्हणजे साचा फोडून माल काढतानाच, दोन ढीग वेगळे करा, आणि कोअरचा ढीग मे संपायच्या आत काँक्रीटवर, पत्र्याखाली न्या.