टोपात अडकलेला मार्शल

तांबट आळीत पोचा आलेला हंडा नेला की कारागीर आतून आधार देतो आणि बाहेरून ठोकत ठोकत पत्रा जागेवर आणतो. पण हंड्यात माणसाचं डोकं असेल तर? आधार द्यायचा कुठे?

फ्रान्समधल्या प्लर गावी विल्यम मार्शल या इंग्लिश सरदाराची हीच गत झाली होती. ११७० च्या दशकातली टूर्नामेंट, म्हणजे सरदारांच्या लुटुपुटूच्या लढाईचा सामना. त्या दिवसाच्या सर्वोत्तम लढवय्याला मोठा पाइक मासा द्यायचं ठरलं, आणि मासा घेऊन गेलेल्यांना हे महाशय लोहाराकडे सापडले, ऐरणीवर डोकं टेकवून! घाव बसून बसून टोप, म्हणजे लोखंडी शिरस्त्राण, चेपला होता, डोक्यावर रुतून बसला होता. लोहार हातोडा-सांडशीने तो सोडवत होता.

कठड्याच्या दोन बाजूंनी समोरासमोर भाले रोखून येणारे दोन स्वार हे चित्र बरंच नंतरचं. मार्शलच्या काळात दोन तट शेतांतून, गावांतून काही किलोमीटर एकमेकांचा पाठलाग करत. द्राक्षमळेही तुडवले जात. दिंडोरीच्या बागायतदाराने कपाळाला हात लावला असता. मारायचं नाही, धरायचं. धरलेल्याचा घोडा आणि चिलखत आपलं, वर खंडणी.

हा हिशेब मार्शलला सुरुवातीला कळत नव्हता. फ्रान्समधल्या द्रँकूरला, आपल्या पहिल्याच खऱ्या लढाईत, तो जिवावर उदार होऊन लढला, घोडा गमावला आणि हाती काही लागलं नाही. रात्री जेवताना विल्यम द मँडेव्हिल या बड्या सरदाराने त्याच्याकडे भेट म्हणून घोड्याची दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा) मागितली, नाहीतर घोड्याचा जुना गळपट्टा तरी दे म्हणाला. मार्शल म्हणे, माझ्याकडे कधी नव्हताच. सगळे हसले. इतकी लूट समोर असताना हा रिकाम्या हाताने आला होता ना!

पुढे त्याचा हात तलवारीइतकाच लगामावर बसला. समोरच्याचा लगाम धरून घोडा गर्दीबाहेर ओढायचा. घोडा आला की स्वार आलाच. नेहमी नाही, म्हणा. आने गावात सिमों द नोफ्ल या सरदाराला असंच ओढून नेताना सिमों वाटेतल्या खाली आलेल्या पन्हळीला अडकून लटकला. मार्शलने मागे पाहिलंच नाही. मुक्कामी पोचून त्याने कैद्याला सांभाळायला सांगितलं, तेव्हा खोगीर रिकामं! तरीही रॉजर द गोजी या दुसऱ्या लढवय्याशी भागी करून दोघांनी दहा महिन्यांत १०३ सरदार धरले.

२० मे १२१७, इंग्लंडमधल्या लिंकन शहराची लढाई. मार्शल सत्तरीचा, नऊ वर्षांच्या राजा तिसऱ्या हेन्रीचा कारभारी. निघण्याच्या घाईत तो टोप घालायलाच विसरला. पोऱ्याने आठवण केली म्हणून थांबला. शहरात शत्रूच्या फ्रेंच फौजेचा म्होरक्या, पर्शचा काउंट, याच्या टोपाच्या डोळ्यांच्या फटीतून तलवारीचं टोक आत गेलं. ही फट बुजवली तर दिसत नाही आणि ठेवली तर अशी वाट मिळते. तरी काउंटने दोन्ही हातांनी तलवार उचलून मार्शलच्या टोपावर तीन घाव घातले, तिन्हींचे पोचे उमटले, आणि मग तो घोड्यावरून कोसळला. आधी वाटलं, बेशुद्ध पडला असेल. टोप काढल्यावर कळलं.